तिसऱ्या रकान्यात मी काय लिहिलं

अठरा वर्षं मी एका पतसंस्थेच्या वसुली विभागात होते. थकलेल्या हप्त्यांची यादी करायची, फोन करायचे, नोटिसा पाठवायच्या आणि तेवढ्यावर भागलं नाही तर शिपायाला सोबत घेऊन कर्जदाराच्या दारात उभं राहायचं. याद्यांच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी आजही वाण्याची यादी, औषधांची यादी, लग्नाला कुणाला बोलवायचं राहिलं त्याची यादी, सगळ्या माझ्याच अक्षरात असतात. पुढे आमची शाखा बंद झाली आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी नंदुरबारच्या एका संस्थेत कर्ज-सल्लागार म्हणून लागले. काम तेच, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून करायचं, अशी माझी समजूत होती. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी कळलं की यात टेबल ठेवायचंच नसतं.

प्रशिक्षण नाशिकला, नऊ दिवसांचं. आम्ही अकरा जण होतो. शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ आणि घड्याळ पक्कं. त्यांचे नियम मी वहीत क्रमांक घालून लिहून घेतले. ‘का घेतलं कर्ज?’ हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. आधी पाणी, मग कागद. माणूस बोलता बोलता गप्प झाला तर मनात दहापर्यंत मोजायचं, मगच आपण तोंड उघडायचं. पहिल्या भेटीत पूर्ण कर्ज कुणीच सांगत नाही, म्हणून ‘अजून काही?’ असं तीनदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा विचारायचं ते चहा झाल्यावर.

चौथ्या दिवशी आमच्या जोड्या लावल्या. एकाने कर्जदार व्हायचं, दुसऱ्याने सल्लागार. मी कर्जदार झाले. माझ्यासमोर आले धडगावकडचे एक पावरा आदिवासी गुरुजी, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले. मी एक गोष्ट रचून आणली होती. ती सांगून झाली. गुरुजी गप्प. मी मनात दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं, तरी ते गप्प. आणि मग काय झालं कोण जाणे, सासूबाईंच्या आजारपणात मी बांगड्या गहाण टाकल्या होत्या आणि घरात कुणालाही सांगितलं नव्हतं, ते सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगून बसले. डोळे पुसले तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. गुरुजी म्हणाले, “आता पाणी प्या.”

मी म्हणाले, “पाणी आधी द्यायचं असतं गुरुजी.”

“हो, ते विसरलो.”

त्याच आठवड्यात आम्हाला घरखर्चाचा तक्ता शिकवला. आमच्या धंद्याचं मुख्य हत्यार हेच. एका कागदावर तीन रकाने. पहिल्यात जे थांबलं तर घर थांबेल ते: धान्य, भाडं, वीज, औषध, पोटाचं साधन. दुसऱ्यात जे कमी करता येईल ते. तिसऱ्यात जे काही काळ बंद ठेवता येईल ते. मॅडमनी फळ्यावर खर्चांची नावं लिहिली आणि आम्हाला ती रकान्यांत वाटायला सांगितलं. ‘लग्नकार्यातले आहेर’ सगळ्यांनी तिसऱ्यात टाकले. गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

“आमच्याकडे हे तिसऱ्यात बसत नाही, मॅडम.”

“मग दुसऱ्यात टाका.”

“दुसऱ्यातही नाही. घर बांधायचं, लग्न काढायचं तर सगळं गाव धान्य आणतं, हात लावतं. मी गेलो नाही तर माझं घर कोण उभं करील?”

“गुरुजी, एखादं वर्ष घर नका बांधू,” असं मीच म्हणाले. सगळे हसले, गुरुजीही हसले. तक्ता पुढे सरकला.

आता बाहेरच्या माणसाला हे काम नेमकं कसं चालतं ते थोडक्यात सांगते. लोक आमच्याकडे येतात ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पाकिटं असतात आणि त्यातली निम्मी उघडलेलीच नसतात. आपल्याला वाटतं, कर्जबाजारी माणूस बेफिकीर असतो. तसं नाही. त्याला त्या पाकिटाची भीती वाटते, आणि न उघडल्याने ते रोज थोडं मोठं होत जातं. ती पाकिटं उघडणं हे आमचं पहिलं काम. मी पट्टीने उघडते, तारखेप्रमाणे लावते आणि मोठ्याने वाचत नाही. मग कोणतं देणं आधी ते ठरवायचं. जो सर्वांत जास्त ओरडतो त्याला आधी द्यायची लोकांना सवय असते. आम्ही सांगतो, ओरडणारा थांबू शकतो, पण ज्याच्यामुळे तुमचं कमाईचं साधन जाईल तो थांबणार नाही. मग सावकाश एकेकाला पत्रं लिहायची, हप्ता कमी करून मागायचा. वसुलीवाल्याने केव्हा यावं, कसं बोलावं याचेही नियम आहेत. ते मी त्यांना सांगते तेव्हा मला माझी जुनी अठरा वर्षं आठवतात आणि मी पाण्याचा घोट घेते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक प्राथमिक शिक्षिका यायची, मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांच्या तावडीत सापडलेली. घरी फोन ती पिठाच्या डब्यात ठेवायची. तिला म्हटलं, काढा, ठेवा समोर खुर्चीवर. दहा मिनिटांत तो इतक्या वेळा थरथरला की सरकत सरकत खाली पडला. आम्ही दोघींनी तो उचलला नाही. ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. एक निवृत्त तलाठी आबा दर मंगळवारी येत, आणि त्यांच्यावर एक पैशाचंही कर्ज नव्हतं. चौथ्या मंगळवारी मी विचारलं तर म्हणाले, “ताई, आठे मझारमा कोनी बोलत नही, म्हनीसन येस.” बोलताना मध्ये तोंड न घालणारी माणसं त्यांना फक्त आमच्याच केंद्रात भेटत होती.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो मात्र भटू. भटूभाऊ म्हणते, कारण तोही मला ताई म्हणतो. लिहिण्याआधी त्याला विचारलं होतं. त्याने एकच अट घातली, नाव, गाव आणि धंदा बदला. तिन्ही बदलले आहेत. तेव्हा असं समजा की तो नवापूरला राहत होता, पोल्ट्रीची अंडी टेम्पोतून दुकानांना पोहोचवत होता आणि त्याचं मूळ गाव कोरीटच्या बाजूला होतं. शेजारच्या शेडमध्ये कोंबड्यांना रोग आला, पक्षी पुरले, शेडं रिकामी झाली आणि टेम्पो दारात उभा राहिला. टेम्पोचे हप्ते भरायला बायकोच्या, सुरेखाच्या, नावावर बचतगटासारखी गटकर्जं काढली. एकाचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्याचा भरायला तिसरं. दर आठवड्याला गटाच्या बायका दारात बसायच्या, कारण एकीने भरलं नाही तर बाकीच्यांना भरावं लागतं.

केंद्रात तो आला तेव्हा पिशवी सुरेखाच्या हातात होती आणि बोलणं त्याच्याकडे. मी पाणी दिलं.

“ताई, टेम्पो गया तरी चाली,” तो म्हणाला. “माले फक्त गावमा तोंड दाखाडता येवाले जोयजे. तठे कोनलेच माहीत नही. मन्हा काकाले नही, भाऊबंदले नही. मन्ही माय मन्हाजोडे ऱ्हास, तिलेभी नही.”

“आईंनाही नाही?”

“तिले समजनं म्हंजे गावले समजनं.”

सुरेखा खालच्या मानेने म्हणाली, “मायना पोटमा काय ऱ्हात नही.” दोघंही जरा हसली. बरं लक्षण, असं मी मनात टिपलं.

म्हणजे त्याला काय हवं होतं ते पहिल्या पाच मिनिटांत त्याने सांगितलं होतं. मी ते अर्जावर ‘अपेक्षा’ या शीर्षकाखाली लिहिलंही. आणि मग तक्ता काढला.

टेम्पो पहिल्या रकान्यात, कारण कमाई त्याच्यावर. मायच्या रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्यात. मोबाइलचं रिचार्ज दुसऱ्यात. मग विचारलं, लग्नकार्याला किती जातं? इथे दोघं एकदम बोलायला लागली. आमच्या भागात लग्नाच्या मांडवात एक जण वही घेऊन बसलेला असतो, कुणी काय आहेर केला तो लिहितो, आणि त्याच्या घरचं कार्य निघालं की आपण वही उघडून तितकंच किंवा थोडं वर परत करतो. कुणाकडे मृत्यू झाला तर टोपी-टॉवेल, लुगडं घेऊन जायचं. आणि काहीच न्यायचं नसलं तरी दारावर जायचं. दारावर जाणं म्हणजे मृत्यूनंतरच्या दिवसांत त्या घरासमोर अंथरलेल्या सतरंजीवर जाऊन बसणं. बोलावं लागत नाही. पाच मिनिटं मान खाली घालून बसायचं, उठायचं. पण बसलेलं माणूस लक्षात राहतं, न आलेलं त्याहून जास्त.

भाऊबंद मोठे होते. नवापूरहून प्रत्येक वेळी दोघांचं भाडं आणि आहेर जायचा, शिवाय टेम्पोला मिळालेलं एखादं भाडं बुडायचं. मी बेरीज केली. एका गटकर्जाचा हप्ता त्यात आरामात बसत होता. मी ती ओळ तिसऱ्या रकान्यात लिहिली: आहेर, मानपान, लग्नाला व दारावर जाणे, बंद.

सुरेखा म्हणाली, “ताई, चैतमा मामानी पोरनं लगन शे. तठे तरी…”

“वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे. लोक समजून घेतात.”

“लोकेसले सांगो तवय समजतीन ना.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. आज ते मला जसंच्या तसं आठवतं, म्हणजे नक्की ऐकलं होतं. त्या वेळी मनात दहापर्यंत मोजायला हवं होतं. मी पुढची ओळ घेतली: चहापाणी.

भटूसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कागदावर लिहिलेलं तो पाळायचा. तक्ता त्याने घरात आरशाशेजारी चिकटवला होता. दर महिन्याला पावत्या घेऊन यायचा, एकही चुकली नाही. मी कंपन्यांना पत्रं लिहिली, हप्ते कमी करून घेतले, एक गटकर्ज सवलतीत मिटवलं. हळूहळू शेडं पुन्हा भरली, टेम्पो फिरू लागला. दीड वर्षाची दोन वर्षं झाली, पण सगळं फिटलं. शेवटची पावती घेऊन तो आला तेव्हा सोबत पेढे आणि अंड्यांचा एक अख्खा ट्रे होता. नियमाप्रमाणे आम्ही भेट घेत नाही. पेढा एक घेतला, ट्रे परत केला.

“आते गाव जास,” तो म्हणाला. “काकाले पेढा देस.”

पुढच्या महिन्यात सहज फोन केला तर म्हणाला, “गावले गऊ व्हतू ताई. काका म्हने, या साहेब, नवापूरतीन उनात का? खुर्ची दिन्ही माले. खुर्ची!” आणि हसला. मीही हसले. त्यांच्या घरात पाहुण्याला खुर्ची देतात, घरच्याला नाही, एवढं मला कळायला हवं होतं. त्याच्या फाइलीवर मी लिहिलं: प्रकरण बंद, कुटुंब समाधानी. आणि पुढच्या दोन प्रशिक्षण-तुकड्यांना मी हीच फाइल, नाव झाकून, आदर्श म्हणून शिकवली. कारण तोवर नवीन सल्लागारांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सुरेखाचा फोन आला. माय गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला गावी नेली होती आणि दिवसही तिथेच करणार होते. “तुम्हीन इशात का, ताई?” एवढंच तिने विचारलं.

आठव्या दिवशी मी गेले. नंदुरबारहून एसटी, पुढे रिक्षा. गाव कपाशी वेचायला गेलेलं, गल्ली शांत. भटूच्या जुन्या घरासमोर मंडप होता आणि खाली सतरंज्या, एकीला एक जोडून पाच, चांगली पन्नास माणसं बसतील अशा. देवळातून आणल्या असाव्यात. त्यांवर तीन माणसं होती. एक भटू, डोकं भादरलेला. दोन म्हातारे, त्यातला एक डुलकी घेत होता. मी बसले. भटूने मान वर केली, हात जोडले नाहीत, कारण अशा वेळी जोडत नाहीत. नुसतं पाहिलं. पाच मिनिटं मी जमिनीकडे बघत राहिले. पायाच्या ठशांवरून माणसं मोजायची माझी सवय नव्हे, पण त्या सतरंज्यांवर ठसे जवळजवळ नव्हतेच.

आत सुरेखा एकटी होती. मायच्या फोटोला हार, समोर दिवा. मी तिच्याजवळ बसले.

“सरणपावत बठ्ठं गाव उनं,” ती म्हणाली. “मयतले कोनी नही म्हनत नही. पन तठेनंच जो तो आपला घर गया. दारवर आठ दिवसमा बावीस लोके. मोजेल शेतस मी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मोजाले तुम्हीच शिकाडं.”

मी समोरच्या बाटलीतलं तेल दिव्यात घातलं.

“मामानी पोरनं लगन, आम्ही नही. धाकला काका वारना, आम्ही नही. चुलतसासू आठे तीन महिना खाटवर, आम्ही नही. मी म्हने, चोरीछुपी जाई येऊत. तर हाऊ म्हने, ताईनी कागदवर लिखेल शे.” तिने पदराने दिव्याची काजळी पुसली. “परवा गंधमुक्ती. टोपी कोन आनी त्याले? मोठा काका तं समोरना घरमा बठेल शे.”

गंधमुक्ती म्हणजे दुखवट्याचा शेवटचा दिवस. जवळची माणसं शोकात बसलेल्याच्या डोक्यावर टोपी घालतात आणि त्याला पुन्हा आपल्यात घेतात. ती टोपी घालायला माणूस लागतो. तो विकत मिळत नाही.

मी मागच्या अंगणात गेले आणि भटूला बोलावून घेतलं.

“भाऊ, मी तुमच्या काकांकडे जाते. आत्ता जाते. त्यांना सांगते की तुम्ही आला नाहीत ते माझ्यामुळे. मी बंद करायला लावलं.”

“काय म्हनीसन लावं?”

“कर्ज होतं म्हणून. फिटलं, हेही सांगते. पावत्या माझ्याकडे आहेत.”

“मंग कर्ज व्हतं हाई सांगनं पडी.”

“पडेल.”

तो बराच वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला. या वेळी मी मोजत होते. दहाच्या पुढे गेले.

“नका, ताई,” तो म्हणाला. “आते गाव म्हनस, भटूले पैसासना माज चढना. म्हनू द्या. माज चढेल मानूसना माज उतरी जास. दोन-चार लगनमा जासू, वाढाले उभा ऱ्हासू, लोके इसरी जातीन. पन कर्जमा बुडेल व्हता हाई समजनं, ते मन्हा पोऱ्याना लगनपावत म्हनतीन.”

“आणि परवा?”

“परवा सासरवाडीना लोके येतीन. एक टोपी बस व्हयनी.”

“माझी चूक झाली, भाऊ.”

“तुमनी काय चूक? तुम्हीन म्हनात तशे मी करं. कर्ज तं फिटनं ना.” हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. त्याच्या आईचे दिवस चालले होते आणि समजूत तो माझी घालत होता. “नवीन लोकेसले शिकाडतस ना तुम्ही? त्यासले सांगा. मन्हं नाव नका लेवू.”

ते मी करते. आमच्या केंद्राच्या तक्त्यात आता पहिल्या रकान्यात, धान्याच्या खाली आणि विजेच्या वर, एक ओळ छापलेली आहे: माणसांत जाणं. आहेर कमी करा, नारळ न्या, रिकाम्या हाती जा, पण जा, असं मी शिकवते. नवीन मुली विचारतात, यात पैसे किती धरायचे? मी म्हणते, भाडं धरा. धडगावच्या गुरुजींना मी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. ते हयात आहेत की नाही, मला माहीत नाही. या सगळ्याचा भटूला काही उपयोग नाही.

त्या दिवशी निघताना समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी कपाशीतला कचरा वेचत बसली होती. तिने मला हात केला.

“वं बहीन, नवापूरन्या का तुम्ही?”

“नंदुरबारनी शे, आजी. त्यासना वयखनी.”

“मंग तुमले माहीत व्हई.” तिने आवाज खाली आणला, पण फारसा नाही. “मन्हा घरवालाना पुतन्या शे तो. आमना धाकला दीर गया तवय उना नही. एकभी लगनले उना नही. मी म्हनस, भलताच पैसा दखायना व्हई त्याले तठे. खरं का खोटं? बराच कमाडेल शे का?”

ही काकू होती. हिच्याच घरातून टोपी यायची होती. आतल्या अंधारात खाटेवर कुणी पुरुष बसलेला होता आणि तो ऐकत होता, हे मला दिसत होतं. भटूच्या प्रत्येक पावतीवर माझ्या हाताची खूण होती. दोन वर्षं त्या घरात दूध कोणत्या महिन्यात बंद झालं आणि कोणत्या महिन्यात पुन्हा सुरू झालं, ते मी तारखेसह सांगू शकले असते. मागे वळून पाहिलं. भटू सतरंजीवर परत येऊन बसला होता आणि माझ्याकडेच बघत होता.

“हां, आजी,” मी म्हणाले. “बराच कमाडेल शे.”

“दखा!” म्हातारी आतल्या माणसाला म्हणाली. “मी काय म्हने?”

आत खाट कुरकुरली. भटूने मान खाली घातली. दोन्ही म्हातारे एव्हाना उठून गेले होते.